सिम बाबांच्या नावावर

दहावीचा निकाल लागला की आमच्या ओपीडीत एक प्रश्न हमखास येतो. आर्वी, कारंजा, समुद्रपूर, कुठूनही आलेले आईबाबा असोत, मूल कशासाठीही आणलेलं असो, उठता उठता विचारतात, ‘मॅडम, पोराले सोताचा मोबाइल कव्हा द्याचा?’ त्यांना एक आकडा हवा असतो. वर्ध्यात मुलांच्या मनोविकारांवर उपचार करणारी डॉक्टर म्हणून मी तो सांगतेही. पण आधी विचारते, ‘घरातल्या फोनचा पासवर्ड कोणाला माहीत आहे?’ बहुतेक वेळा उत्तर पोरगाच देतो.

गावाकडे मुलाचा पहिला मोबाइल दुकानातून येतच नाही. बाबांनी नवा घेतला की काच तडकलेला जुना त्याच्याकडे सरकतो. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, अभ्यास व्हॉट्सॲपवर आला. त्यासाठी दिलेला फोन शाळा उघडल्यावर परत घ्यायचा राहूनच गेला, अशी घरं मी पुष्कळ पाहते. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ वर्षांच्या मुलांपैकी २७ टक्क्यांकडे तो स्वतःचा होता, १६ वर्षांच्यांत ३७.८ टक्क्यांकडे. किती घरांत हे ठरवून झालं असेल, याची मला शंका आहे.

‘असर’च्याच २०२३ च्या पाहणीतला फरक मला जास्त बोचतो. १४ ते १८ वयाच्या, फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा स्मार्टफोन, मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडे. पोरीला दिला नाही म्हणजे ती सुरक्षित, असं घरच्यांना वाटतं. मग ती मैत्रिणीच्या फोनवर गुपचूप खातं उघडते. कोणी ओळख वाढवतो, फोटो मागतो, पुढे धमकावतो. माझ्याकडे ती येते पोटदुखी घेऊन. झोप उडालेली, जेवण सुटलेलं, तपासण्या सगळ्या नॉर्मल. घरी का सांगितलं नाहीस, विचारलं की म्हणते, ‘शाळाच बंद केली असती.’ मुलग्यांचं दुखणं वेगळं. गेमच्या नादात आईच्या खात्यातले पैसे गेलेले असतात आणि बाबांच्या माराची धास्ती असते. नुकसान फोनने सुरू होतं, पण ते वाढतं लपवण्यात.

म्हणून माझी कसोटी अशी: फोनवर काही बिघडलं, तर ते त्याच दिवशी घरात बोललं जाईल का? याची तयारी मुलापेक्षा आईबाबांना जास्त करावी लागते.

शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने २०२२ मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदी केली. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात संध्याकाळी सातचा भोंगा सुरू झाला. तो वाजला की दीड तास टीव्ही-मोबाइल बंद, मोठ्यांचेसुद्धा. मला वडगाव पटतं. आपण रील पाहत मुलाला पुस्तक उघडायला सांगितलं, तर ते कसं ऐकेल? सेवाग्राम आश्रमात व्हाइसरॉय लिनलिथगोंना बापूंशी थेट बोलता यावं म्हणून बसवलेला टेलिफोन आजही पाहायला मिळतो. एवढ्या मोठ्या कामाचा फोनही कचेरीत होता, उशाशी नव्हता.

गोऱ्ह्याला कोणी पहिल्याच दिवशी नांगराला जुंपत नाही. पोर एसटीने एकटं तालुक्याच्या शाळेत जाऊ लागलं की त्याला साधा, बटणांचा फोन द्यावा. गरज ‘पोचलो’ कळवण्याची असते, तेवढी त्याने भागते. दहावीपर्यंत स्मार्टफोन घरचा, सगळे बसतात त्या खोलीत. स्वतःचा साधारण सोळाव्या वर्षी. आवेग आवरणारा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, त्यामुळे सोळात जादू नाही. पण अकरावीला पोरं हिंगणघाट, वर्धा, नागपूरला जातात, खोली करून राहतात. घरापासून दूर गेल्यावर पहिल्यांदा शिकण्यापेक्षा आपल्या डोळ्यांसमोर शिकलेलं बरं.

त्यानंतरही अटी असाव्यात. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, म्हणून रात्री सगळ्यांचे फोन बैठकीत चार्जिंगला. पैशांचं ॲप नाही. पासवर्ड एका पालकाला माहीत. पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर मदतवाहिनीला फोन करायचा, हेही आधीच सांगून ठेवावं. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ सुद्धा. आणि हे पाळायला जड वाटलं तर एवढं लक्षात ठेवा: अठरा वर्षांखाली कोणालाही सिम मिळत नाही. ते बाबांच्या किंवा आईच्याच नावावर असतं. म्हणजे ‘सोताचा’ म्हटलेला फोनही कागदोपत्री आपलाच, आणि त्याची जबाबदारीही.

ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना बऱ्याच समाजमाध्यमांची दारं बंद केली. आपल्याकडे उद्या तसं झालं, तरी मैत्रिणीचा फोन उरतोच. म्हणून फोन देण्याआधी आईबाबा दोघांनी मुलाला समोर बसवून सांगावं, ‘काहीही झालं तरी सांग, सांगितलंस म्हणून फोन हिसकणार नाही, शाळा बंद करणार नाही.’ या शब्दाची परीक्षा बहुधा रात्री दहाला होईल, बाबा कापसाच्या वावरातून थकून आलेले असताना. तेव्हा आधी पूर्ण ऐकून घ्यायचं. ओरडायचंच असेल तर सकाळी ओरडा.