लडाखची सहल आणि रात्रीचे पाणी

माळशिरस तालुक्यात राहणाऱ्या माणसाला पर्वतांची ओढ असावी, यात नवल नाही. आमच्या वाट्याला आलेला डोंगर म्हणजे नातेपुत्याच्या पलीकडे दिसणारा शिखर शिंगणापूरचा. बाकी सारा माळ, नीरा उजव्या कालव्याचे पाणी आणि त्या पाण्यावर उभा असलेला ऊस. बँकेच्या नोकरीत पीककर्जाची प्रकरणे तपासताना समोरच्या दिनदर्शिकेवर बर्फाची शिखरे दिसत. निवृत्तीनंतर ती प्रत्यक्ष पाहावीत, असे फार दिवसांपासून मनात होते. गेल्या जून महिन्यात तो योग आला आणि आम्ही उभयतांनी एका सहल संस्थेबरोबर लडाखची नऊ दिवसांची सहल केली.

तेथील गोंपा आणि दऱ्या यांविषयी तर लिहायचेच आहे; परंतु त्याआधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. आपल्यातील अनेक कुटुंबे हल्ली अशा सहलींना जातात आणि तीच चूक कोणाच्याही हातून होण्यासारखी आहे.

सहलीच्या अर्जात ‘जैन भोजन’ असा एक रकाना होता. मी तेथे खूण केली आणि निश्चिंत झालो. माझ्या पत्नीने सत्तावीस वर्षांपूर्वी दहिगावच्या अतिशय क्षेत्री, भगवान महावीरांच्या समोर, रात्री अन्न आणि पाणी दोन्ही न घेण्याचे व्रत घेतले आहे. लग्नकार्य असो, प्रवास असो की दवाखाना, ते कधी मोडले नाही. अर्जात जेवण कोणते हे विचारले होते. केव्हा, हे विचारले नव्हते. एक रकाना रिकामा राहिला म्हणून कर्जाचे प्रकरण परत पाठवणारा मी, पण या अर्जात एक रकानाच कमी आहे हे माझ्या लक्षात आले नाही.

दिल्लीहून निघालेले विमान सव्वा तासात हिमालय ओलांडून लेहला उतरते. खिडकीतून खाली पाहावे तर एकामागून एक बर्फाच्या रांगा, आणि मग एकाएकी तपकिरी, उघडे डोंगर व त्यांच्या तळाशी सिंधूकाठची हिरवी रेघ. लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ११,५०० फूट उंचीवर आहे. तेथील हवेत प्राणवायू विरळ असतो, म्हणून पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी, भरपूर पाणी प्यावे, असे व्यवस्थापकांनी बजावले होते. सौ. थकून झोपली, ती सायंकाळी सातला उठली. लेहला जूनमध्ये साडेसातच्या सुमारास सूर्य मावळतो. घाईने दोन खाकरे खाऊन ती पेलाभर पाणी प्यायली. मंडळाचे जेवण साडेआठला होते.

रात्री अकराच्या सुमारास तिचे डोके दुखू लागले. तोंड कोरडे पडले, श्वास लागू लागला. मी पाण्याचा पेला पुढे केला. तिने तो हाताने दूर सारला आणि एवढेच विचारले, “अहो, सूर्योदय किती वाजता आहे?”

सूर्योदय पाचनंतर होता. ते सहा तास मी घड्याळाकडे पाहत काढले. आग्रह करावा तर तिच्या सत्तावीस वर्षांवर घाला घातल्यासारखे होत होते आणि गप्प बसावे तर धीर होत नव्हता. सहल माझ्या हौसेची. तिने कधी हिमालय मागितला नव्हता.

उजाडताच ती पाणी प्यायली, पण ते पोटात राहिले नाही. हॉटेलातील यंत्रावर रक्तातील प्राणवायूचे प्रमाण बरेच खाली दिसले आणि आम्ही तडक रुग्णालयात गेलो. तेथील तरुण डॉक्टर लडाखीच होते. त्यांनी काही तास प्राणवायू लावला, औषध दिले, दोन दिवस अंथरुणातच राहण्यास सांगितले आणि बरे वाटेपर्यंत याहून उंच ठिकाणी जाण्यास मनाई केली. पाण्याची गोष्ट निघाली तेव्हा मी व्रताविषयी सांगितले. ते हसले नाहीत की चिडले नाहीत. म्हणाले, “माताजी, आमच्याकडे न्युंगने नावाचे व्रत आहे. पहिल्या दिवशी दुपारपूर्वी एकदाच जेवायचे, दुसऱ्या दिवशी अन्न नाही, पाणी नाही आणि बोलायचेही नाही. माझी आई ते करते. पण ती आजारी असते त्या वर्षी आमचे लामाच तिला बसू देत नाहीत.”

सौ. काही बोलली नाही. सायंकाळी, दिवस असतानाच थोडी पेज घेऊन झाल्यावर ती आपणहून म्हणाली, “दरवर्षी भाद्रपदात षोडशकारण भावना म्हणते. त्यात शक्तितस्त्याग आहे. शक्ती असेल तेवढा त्याग. आजवर त्यातला ‘त्याग’ तेवढा मला ऐकू येत होता.” लडाखात आहोत तोवर रात्री तहान लागली तर केवळ पाणी, अन्न नाही, आणि परत गेल्यावर महाराजांकडे प्रायश्चित्त, असा निर्णय तिने स्वतःच घेतला. त्या रात्री ती तीन वेळा पाणी प्यायली. दर वेळी आधी णमोकार मंत्र म्हणत होती.

माझ्या वाट्याचे प्रायश्चित्त मी दुसऱ्याच दिवशी सुरू केले. व्यवस्थापकांना भेटून सारे सांगितले. मंडळाबरोबर महाराष्ट्रातूनच आलेले स्वयंपाकी होते. “साहेब, अगोदर सांगायचे ना!” एवढेच ते म्हणाले आणि त्या दिवसापासून साडेसहाला फुलके, मुगाचे वरण आणि भात तयार होऊ लागला. दोन-तीन दिवसांत आमच्या पंगतीला दोन मधुमेही आजोबाही येऊन बसू लागले.

चौथ्या दिवशी तब्येत सुधारली आणि डॉक्टरांच्या संमतीने आम्ही मंडळाबरोबर अलचीला गेलो. अलची लेहच्या पश्चिमेस, सिंधूच्या काठी आणि लेहपेक्षा खालच्या उंचीवर आहे. वाटेत निम्मू येथे झंस्कार आणि सिंधू यांचा संगम दिसतो. दोन नद्यांचे दोन रंग काही अंतर एकमेकांत न मिसळता वाहतात.

लडाखमधील बहुतेक गोंपा डोंगराच्या माथ्यावर असतात; अलची मात्र सपाट जागी, जर्दाळूच्या झाडांमध्ये लपलेली आहे. बाहेरून मातीचे साधे घर वाटावे. आत तीन मजली सुमचेक मंदिरात तीन कोनाड्यांमध्ये अवलोकितेश्वर, मैत्रेय आणि मंजुश्री यांच्या सुमारे चार मीटर उंचीच्या मृण्मय मूर्ती उभ्या आहेत. त्यांची मुखे पाहायची तर मान उंचावून वरच्या मजल्याकडे पाहावे लागते. हे काम अकराव्या ते तेराव्या शतकातील मानले जाते आणि ते काश्मिरी परंपरेच्या कलाकारांचे आहे. खुद्द काश्मीरमधील त्या काळची भित्तिचित्रे आज उरलेली नाहीत. ती कला पाहायची तर या आडगावी यावे लागते.

मूर्तींच्या धोतरांवर चित्रे रंगवली आहेत. मैत्रेयाच्या धोतरावर बुद्धाचे जीवनप्रसंग आहेत, अवलोकितेश्वराच्या धोतरावर प्रासाद आणि मंदिरे. छताच्या फळ्यांवर तर कापडाचेच नमुने उतरवले आहेत. माझ्या वडिलांचे कापडाचे दुकान होते. ताग्यावरून हात फिरवून पोत ओळखण्याचे शिक्षण आम्हा भावंडांना लहानपणीच मिळाले. सौ.ने वर बोट दाखवून हळूच म्हटले, “ही बांधणीच आहे.” तशीच ती दिसत होती. आत छायाचित्रे घेण्यास बंदी आहे आणि ते बरेच आहे. सव्वीस माणसे काही वेळ नुसती पाहत उभी राहिली.

लेहच्या बाजारातही व्यापारी घरात वाढलेल्या माणसाचे मन रमते. यारकंद, तिबेट, काश्मीर आणि पंजाब या चारही दिशांचे काफिले येथे एकत्र येत. पश्मिना, चहा, रेशीम आणि गालिचे यांची देवघेव चाले; होशियारपूरच्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या येथे होत्या. १९४९ च्या सुमारास यारकंदची वाट बंद झाली आणि तो व्यापार संपला. नुब्रा खोऱ्यात पर्यटकांना फिरवणारे दोन मदारींचे उंट त्याच काफिल्यांची आठवण आहेत.

ते उंट मात्र आम्ही पाहिले नाहीत. सहाव्या दिवशी मंडळ सुमारे १७,५०० फूट उंचीच्या खार्दुंग ला खिंडीतून नुब्राला आणि तेथून पँगाँग सरोवराला गेले. आम्ही लेहला थांबलो. गाड्या सुटल्या तेव्हा वाईट वाटले नाही असे लिहिले, तर ते खोटे ठरेल. ज्या निळ्या पाण्यासाठी मी पैसे भरले होते, ते काही तासांच्या अंतरावर होते. सौ. म्हणाली, “तुम्ही जा, मी राहते.” मी गेलो नाही, यात मोठेपणा काही नाही. पहिल्या रात्रीचा तो पेला माझ्या डोळ्यांसमोर होता.

त्या तीन दिवसांत एका वयस्क चालकांनी आम्हांला सिंधूचे खोरे संथपणे दाखवले. एका सकाळी लवकर ठिकसे गोंपात नेले. लेहपासून १९ किलोमीटर अंतरावर एका टेकडीच्या उतारावर बारा मजल्यांची ही गोंपा पायथ्यापासून माथ्यापर्यंत रचलेली दिसते. दर दहा पायऱ्यांवर थांबत आम्ही वर गेलो. आत प्रार्थना चालू होती. लहान वयाचे लामा आळीपाळीने लोणी-मिठाचा चहा वाढत होते. आम्ही हात जोडून नको म्हटले. १९७० साली दलाई लामा येथे आले होते, त्याच्या स्मरणार्थ घडवलेली मैत्रेय बुद्धाची १५ मीटर उंच मूर्ती येथे आहे. ती दोन मजले व्यापते. आपण वरच्या मजल्यावरून आत जातो, त्यामुळे मुख अगदी समोर येते.

मैत्रेय म्हणजे भविष्यात होणारा बुद्ध. मला भावी तीर्थंकरांची आठवण झाली. मगधाचा राजा श्रेणिक पुढील काळात पहिला तीर्थंकर होईल, असे आपण मानतो. त्याच राजाला बौद्ध बिंबिसार म्हणून ओळखतात आणि बुद्धाचा उपासक मानतात. भगवान महावीर आणि बुद्ध एकाच काळात, एकाच मगधात विहार करत होते. पाली ग्रंथांत महावीरांचा उल्लेख ‘निगंठ नातपुत्त’ या नावाने येतो. मार्ग मात्र वेगळे झाले. बुद्धाने कठोर उपोषण सोडून सुजाताची खीर स्वीकारली आणि मध्यम मार्ग सांगितला; आपल्या परंपरेने तपाला मोठे स्थान दिले. तरी भिक्षूंनी दुपारनंतर जेवू नये हा नियम त्यांच्याकडेही आहे.

आपल्या मनात येणारा प्रश्न मी चालकांना विचारलाच. अहिंसा मानणारे लोक मांस कसे खातात? ते म्हणाले, “साहेब, येथे सहा-सात महिने काही उगवत नाही. पूर्वी रस्ते नव्हते, भाजी नव्हती. म्हणून म्हातारी माणसे सांगत, लहान जीव मारू नका; एका मोठ्या जनावरात सारा हिवाळा काढा, म्हणजे हत्या कमी होते.” हा हिशेब मला पटला नाही. परंतु त्यांनीही जीव मोजले होते, हे ऐकल्यानंतर वाद घालावासा वाटला नाही.

परतताना एका गावात पाण्याचे पाट पाहिले. लेहला वर्षाकाठी सरासरी १०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. जव आणि भाजीपाला पिकतो तो हिमनद्यांच्या वितळलेल्या पाण्यावर. कोणाच्या शेताला पाणी केव्हा सोडायचे, हे ठरवणारा चुरपोन गावकरी नेमतात. आमच्या कालव्यावरचा पाटकरी आणि पाण्याची पाळी मला आठवली. रात्री बाराला आलेली पाळीही माळशिरसचा शेतकरी दवडत नाही. पाण्याची वेळ पाळणे म्हणजे काय, हे दोन्हीकडच्या माणसांना ठाऊक आहे.

परत आल्यावर सौ.ने दर्शनाला जाऊन मुनिमहाराजांसमोर सर्व निवेदन केले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, काही एकाशने आणि जप सांगितला आणि व्रत पूर्ववत चालू ठेवण्यास अनुमती दिली. आता ते पूर्वीसारखेच चालू आहे.

ज्येष्ठांना घेऊन उंच प्रदेशात जाणाऱ्यांना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि पोहोचल्यावर पहिले दोन दिवस खरोखर विश्रांती घ्यावी. व्रत असेल तर आजारपणात काय करायचे, हे गुरुजनांना आधीच विचारून ठेवावे. रात्री अकरा वाजता परक्या गावी तो निर्णय एकट्या माणसावर टाकू नये. आणि जेवण कोणते याबरोबरच जेवणाची वेळही आयोजकांना लेखी कळवावी.

येत्या डिसेंबरात आम्ही श्रवणबेळगोळ आणि मूडबिद्रीच्या सहलीला निघणार आहोत. अर्ज परवाच आला. त्यात ‘जैन भोजन’ हा रकाना आहे. त्याच्या शेजारी मी पट्टीने रेघ मारून आणखी एक रकाना केला आणि लिहिले, ‘वेळ : सूर्यास्तापूर्वी’. सौ.ने तो वाचला आणि खाली सही केली.