कोयनेचं गार पाणी

सांगलीकराला मजेसाठी पाण्यात बोलावणं जरा अवघडच. ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५. तेव्हापासून पावसाळ्यात आमच्या घरी दोनच आकडे विचारले जातात : पुलाची पातळी आणि कोयनेचा विसर्ग.

म्हणून डिसेंबरात साताऱ्याच्या मित्रांनी तापोळ्याला कयाकिंगचा बेत काढला, तेव्हा मी आधी नकाशा पाहिला. तिथला शिवसागर म्हणजे कोयना धरणाचाच फुगवटा. धरणाच्या दरवाजांतून सुटलेलं पाणी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि पुढे आमच्या दारात येतं.

"आरं, चल की! समुद्रातली क्रूझ काय आपल्याला परवडायची न्हाई. हीच आपली क्रूझ."

सकाळी सातला पाण्यावर धुकं होतं. लाइफ जॅकेटच्या पट्ट्या मी तीनदा ओढून पाहिल्या. पहिल्याच वल्ह्याला गार पाणी बाहीतून कोपरापर्यंत शिरलं आणि दात वाजायला लागले. मधोमध जाऊन वल्हं थांबवलं. आवाज नाही, ओढ नाही. खाली बुडालेली गावं, त्यांची शेतं. त्या माणसांनी घरं सोडली, तेव्हा राज्याला वीज मिळाली. आमच्या घरातलं पाणी काही दिवसांनी उतरलं. त्यांच्या घरांवरून ते उतरलंच नाही.

बोटं बधिर होईपर्यंत हात पाण्यात ठेवला. पुरात याच पाण्यात पायरीसुद्धा दिसत नव्हती. इथे तळहातावरच्या रेषा दिसत होत्या.

भीती गेली नाही. पण आता ती फक्त माझ्या घरापुरती राहिलेली नाही.