लक्षात घेणारा कॅमेरा

कन्नड दिग्दर्शक गिरीश कासारवल्ली यांच्या चित्रपटांत कुणी ना कुणी ताटकळत असतं. पेन्शनसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवणारा तबरा, धरणाचं पाणी चढत असताना बेटावर तग धरून राहिलेली नागी, समुद्रकाठच्या कोळीवस्तीतली सिनेमावेडी सुईण गुलाबी. बेंगळुरूत राहायला आल्यापासून ही माणसं माझ्या ओळखीची झाली आहेत. विधानसौधाजवळच्या बसथांब्यावर फाइल छातीशी धरून उभा असलेला तालुक्याकडचा म्हातारा दिसला, की मला तबरा आठवतो आणि माझी पावलं मंदावतात. कलेनं आपल्यासाठी एवढं केलं तरी पुष्कळ झालं.

कासारवल्लींचा जन्म 1950 सालचा, शिवमोग्गा जिल्ह्यातल्या तीर्थहळ्ळी तालुक्यातला. हा मलनाडचा मुलूख: सुपारीच्या बागा, घनदाट झाडी आणि महिनोन् महिने कोसळणारा पाऊस. मणिपालला औषधनिर्माणशास्त्र शिकलेला हा तरुण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आला. प्रभातच्या जुन्या स्टुडिओत त्यानं सत्यजित राय पाहिले, ओझू पाहिला, कुरोसावा पाहिला. शिक्षणाच्या शेवटी, 1975 च्या सुमारास, त्यानं ‘अवशेष’ हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लघुपटात पसरायला जागा नसते. काय दाखवायचं याइतकंच काय गाळायचं हेही तिथे ठरवावं लागतं. मला वाटतं, ती शिस्त कासारवल्लींनी पुढे कधीच सोडली नाही. त्यांचे मोठे चित्रपटही लघुकथेच्या अंगानं वाढतात. घटनांची भर पडत नाही, एकाच घटनेत आपण खोल उतरत जातो.

‘घटश्राद्ध’ 1977 चा. यू. आर. अनंतमूर्तींच्या कथेवरचा हा कृष्णधवल चित्रपट त्यांनी सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी केला आणि पहिल्याच कथापटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. वेदपाठशाळेत शिकायला आलेला लहानगा नाणी आणि गुरुजींची विधवा मुलगी यमुना यांची ही गोष्ट. यमुना गरोदर राहते, बातमी फुटते आणि जिवंतपणीच तिचं श्राद्ध घालून तिला जातीबाहेर टाकलं जातं. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. पुण्यानं आगरकरांची ते जिवंत असताना प्रेतयात्रा काढली होती. ह. ना. आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’मधल्या, केस उतरवल्या गेलेल्या विधवेचं नावही यमुनाच. त्या यमूनं आपली कहाणी स्वतः सांगितली. मलनाडातल्या यमुनेची कहाणी एका मुलाच्या डोळ्यांतून आपल्यापर्यंत येते. नाणीला सगळं कळत नाही, पण त्याला सगळं दिसतं. मुंडन केलेली यमुना झाडाखाली एकटी उरते आणि मुलाला घरी नेलं जातं. तिथे कॅमेरा निवाडा देत नाही. तो नुसता पाहत राहतो, आणि ते पाहणं आपल्याला सोसत नाही.

पुढे तीन सुवर्णकमळं आली: ‘तबरन कथे’ (1986), ‘तायि साहेबा’ (1997) आणि ‘द्वीप’ (2002). पूर्णचंद्र तेजस्वींच्या कथेतल्या तबराची बायको पाय सडून आजारी आहे आणि सरकारी कागद काही हलत नाही. तबराच्या भूमिकेसाठी चारुहासन यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘तायि साहेबा’ उत्तर कर्नाटकातल्या वाड्यात घडतो. ती माणसं कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकाला घरची वाटतील. ना. डिसोझांच्या कादंबरीवरच्या ‘द्वीप’मध्ये पाऊस सर्वांत मोठं पात्र आहे. पाणी पायरीपायरीनं वर येतं आणि नागी एकेक काम हाती घेत उभी राहते. सौंदर्या या लोकप्रिय अभिनेत्रीनं हा चित्रपट स्वतः निर्माण केला आणि नागी साकारली, याबद्दल मला तिच्याविषयी कायम कृतज्ञता वाटते.

बेंगळुरूवरही त्यांची नजर आहे. ‘मने’मध्ये नसीरुद्दीन शाह आणि दीप्ती नवल यांचं जोडपं गावाकडून शहरात येतं, खोली भाड्यानं घेतं आणि शेजारच्या यंत्रांच्या खडखडाटात त्यांचा संसार विस्कटू लागतो. ‘कूर्मावतार’मध्ये निवृत्तीला आलेला सरकारी कारकून मालिकेत गांधी होतो आणि ती भूमिका त्याला जगायला अवघड जाते. दिवसरात्र बांधकाम चालणाऱ्या या शहरात राहणाऱ्याला हे दोन्ही चित्रपट आतून ठाऊक असतात.

वैदेहींच्या कथेवरून 2008 साली ‘गुलाबी टॉकीज’ करताना त्यांनी तिचा काळ आणि वस्ती बदलली. घरात रंगीत टीव्ही आला म्हणून बायका मुसलमान गुलाबीच्या दारी जमू लागतात, आणि कारगिलच्या दिवसांत तीच वस्ती तिच्याकडे संशयानं बघते. उमाश्री यांनी ती एकटी पडत जाणारी बाई जिवंत केली. पुढे 2020 साली जयंत कायकिणींच्या कथेवर त्यांनी घरकामाला ठेवलेल्या मुलावर चित्रपट केला. वयाच्या सत्तरीतही हा दिग्दर्शक मुलाच्या उंचीवरून जग पाहत होता.

बेंगळुरूच्या केंपेगौडा रोडवरची कितीतरी एकपडदा थिएटरं त्यांच्या कारकिर्दीच्या काळात पाडली गेली. कासारवल्लींचे चित्रपट तिथे फार दिवस टिकणारे नव्हतेच. ते फिल्म सोसायट्यांनी आणि महोत्सवांनी जगवले. 2024 साली ‘घटश्राद्ध’ची पुनरुज्जीवित प्रत व्हेनिसच्या महोत्सवात दाखवली गेली. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत दीड डझनही कथापट नाहीत, पण त्यांतला प्रत्येक एखाद्या दुर्लक्षित माणसाला दिलेला पुरेसा वेळ आहे. दिग्दर्शकाच्या कारकिर्दीचं याहून खरं मोजमाप मला माहीत नाही.

हा दिग्दर्शक पुण्यात शिकला. त्याची चारही सुवर्णकमळं मराठी उपशीर्षकांसह महाराष्ट्रातल्या फिल्म सोसायट्यांनी दाखवावीत. आणि तोवर, तुमच्या गावात कुठे ‘घटश्राद्ध’ लागला, तर जरूर जा. घरातल्या मुलांनाही सोबत न्या.