शेकडा दीडशेच्या पणत्या

१९ ऑक्टोबर २०२४, शनिवार

शीव स्टेशनला उतरून चालतच कुंभारवाडा गाठला. शीवचा पूल ऑगस्टपासून वाहनांना बंद आहे, त्यामुळे त्या बाजूला रिक्षात बसणं म्हणजे पैसे देऊन एका जागी थांबणं. वहिनी बरोबर होती, तिच्या खांद्यावर दोन रिकाम्या पिशव्या.

धारावीच्या या भागातली कुंभारांची घरं लांबट आहेत. पुढचं दार रस्त्याकडे, तिथं विक्री. मागचं दार वाड्यात, तिथं चाक, माती आणि चार-पाच घरांत मिळून एक भट्टी. घरं सौराष्ट्रातून आलेल्यांची, बोली अजून गुजराती. भट्टीत चिंध्या आणि कापसाचा कचरा जळतो आणि त्याचा धूर डोळ्यांत जातोच. वाड्यातली मुलं त्या धुरात क्रिकेट खेळत होती.

जिच्याकडून पणत्या घेतल्या ती बाई साठीची असेल. परतीचा पाऊस लांबल्यामुळे कच्चा माल वाळेना, म्हणून यंदा भट्ट्या मागे पडल्या, असं तिनं सांगितलं. नक्षीदार, रंगीत पणत्या बऱ्याचशा गुजरातेतून तयारच येतात. "सादी लेंगे तो हमारे हाथ की है." साध्याच घेतल्या. शेकडा दीडशे. वहिनीनं सवयीनं सव्वाशे म्हटलं. बाईनं उत्तरही दिलं नाही, नुसती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. मग दीडशे.

पणती कशी निवडायची ते मात्र तिनं मन लावून दाखवलं. नखानं टिचकी मारायची. खणखणीत वाजली तर भाजणी नीट, बद्द वाजली तर कुठंतरी चीर आहे. घरी नेल्यावर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायच्या आणि नंतर वाळवायच्या, नाहीतर निम्मं तेल मातीच पिते.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

लोहार चाळ. विजेच्या माळांसाठी सगळी मुंबई इथं येते आणि आल्याचा पश्चात्ताप करते. दुकानदार प्रत्येक माळ बोर्डाला लावून पेटवून दाखवतो, म्हणतो, "बघून घ्या, परत घेणार नाही," आणि गुंडाळून हातात देतो. एवढ्या वेळात मागून तीन हातगाड्या जातात. दोन माळा घेतल्या, विषय संपला.

येताना क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पं पाहिली. मंडई १८६९ची, शिल्पं लॉकवुड किपलिंग यांची, म्हणजे लेखक रुडयार्डच्या वडिलांची. शेतकरी आणि बाजारात माल नेणारी माणसं आहेत त्यांत. खाली तेच काम करणारा पाटीवाला "बाजू, बाजू" ओरडत मला ढकलून गेला. आता या मंडईला महात्मा जोतिबा फुल्यांचं नाव आहे. 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्याचं नाव भाजीबाजाराला असावं, हे फार योग्य झालं.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

माहीमची कंदील गल्ली. लेडी जमशेदजी रस्त्याला लागलं की दुपारीसुद्धा वरचं आभाळ दिसत नाही, इतके कंदील टांगलेले. बहुतेक घरं मराठी. नोकरी सांभाळून, रात्री जागून, गणपती गेल्यापासून हेच काम. एक जण कामट्या तासतो, एक सांगाडा बांधतो. कागद चिकटवणं आणि झिरमिळ्या कापणं बायका-मुलांकडे. झिरमिळीच्या कागदाला घडी घालून कात्री अशी चालवतात की नजर ठरत नाही.

कंदील फार महाग झाले आहेत, असं वहिनीचं मत. मोठ्या अष्टकोनी कंदिलाला साडेसहाशे सांगितले तेव्हा तिनं "कागदच तर आहे" हे ठेवणीतलं वाक्य काढलं. कंदीलवाला पंचविशीचा, हसून म्हणाला, "वहिनी, बसा ना, सांगाडा मी देतो, कागद तुम्ही चिकटवा. चारशे." वहिनी खरंच स्टुलावर बसली. दोन बाजू चिकटवल्या, तिसरीला कागद फाटला. साडेसहाशे दिले आणि निघालो.

या गल्लीची खरी स्पर्धा घडीच्या प्लास्टिक कंदिलाशी आहे. तो पावसात भिजत नाही, माळ्यावर ठेवला की पुढच्या वर्षी परत निघतो आणि निम्म्या किमतीत मिळतो. एवढं सगळं मान्य करूनही तो मला आवडत नाही. त्यातला उजेड सगळीकडून सारखाच पडतो. कागदाच्या कंदिलात मात्र खळ जाड लागली आहे तिथं डाग दिसतो, कामटीची सावली दिसते.

नाक्यानाक्यावरचे पुढाऱ्यांच्या फोटोंचे अवाढव्य कंदील यंदा कमी. विधानसभेची आचारसंहिता आहे. या एका कारणासाठी निवडणूक दरवर्षी दिवाळीतच घ्यावी.

२७ ऑक्टोबर, रविवार

सकाळीच बातमी कळली. वांद्रे टर्मिनसला गोरखपूरच्या गाडीत चढताना चेंगराचेंगरी झाली, माणसं जखमी. दिवाळी आणि छटपूजेला गावी निघालेली ही माणसं. शहराला महिनाभर माल वाहून, बांधून, विकून देणाऱ्यांत तीही होती. त्यांना स्वतःची दिवाळी गाठायची तर अनारक्षित डब्याचं दार गाठावं लागतं. मोठ्या स्टेशनांवर आता काही दिवस प्लॅटफॉर्म तिकीटही मिळणार नाही.

तरीही दादरला गेले, कारण दिवाळी अंक घ्यायचे होते. रानडे रोडवर दिवाळीआधीच्या शेवटच्या रविवारी माणूस चालत नाही, वाहतो. छबिलदास गल्लीत अंकांचे ढीग लागलेले. का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक १९०९ साली काढला. एकशेपंधरा वर्षांनंतरही माणसं उभ्या उभ्या अनुक्रमणिका वाचतात, किंमत बघतात आणि अंक खाली ठेवतात. एका आजोबांनी माझ्यासमोर एक कथा निम्मी वाचून काढली. विक्रेत्यानं हटकलं नाही, फक्त पंखा त्यांच्याकडे वळवला.

संध्याकाळी उपनगरातल्या एका सभागृहात 'दिवाळी मेळा'. प्रवेशदारी अत्तराचा फवारा, आत वातानुकूलित गारवा. कुंभारवाड्यातल्यासारखीच पणती, वर आरसे आणि सोनेरी रंग, चार नग दीडशे रुपये. रंगवणाऱ्या मुलीनं दिवसाचं स्टॉलभाडं सांगितलं तेव्हा किंमत समजली, राग मात्र आयोजकांवर आला. चार पणत्या घेतल्या.

२९ ऑक्टोबर, मंगळवार, धनत्रयोदशी

सोनं तोळ्याला ऐंशी हजारांच्या आसपास. आम्ही लालबागला चिवडा घ्यायला गेलो.

आज उमेदवारी अर्जांचा शेवटचा दिवस. वाटेत कुणाची तरी मिरवणूक, ढोल, आणि बस अर्धा तास जागच्या जागी. चिवडा गल्लीत शिरलो तेव्हा परळच्या गिरणगावातलं काहीतरी अजून शिल्लक असल्यासारखं वाटलं. गिरण्या बंद पडल्या, चाळींच्या जागी टॉवर आले, तरी पातळ पोह्यांचा, मक्याचा, डाळींचा चिवडा वजनावर घ्यायला माणसं इथंच येतात. टॉवरमधल्या बाईसाहेब ड्रायव्हरला रांगेत उभं करतात, एवढाच फरक. चव घ्यायला मूठभर हातावर मिळतो. वहिनीनं पाच दुकानांत चव घेतली आणि पहिल्याच दुकानात खरेदी केली.

३० ऑक्टोबर, बुधवार

तिथींमध्ये यंदा हा भाकड दिवस आला. बाजाराला मात्र तो पावला. पहाटे पाचला दादरच्या फूलबाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. झेंडूच्या गोण्या ट्रकमधून थेट डोक्यावर, डोक्यावरून थेट तराजूत. बाहेर पदपथावर गावाकडून आलेल्या बायका कारिटं घेऊन बसल्या होत्या. उद्या पहाटे अभ्यंगस्नानानंतर ती अंगठ्याखाली फुटणार. दहा रुपयांना पाच. त्यातही एक बाई "सहा दे" म्हणून अडून बसली होती. ही कारिटं वेचायला ती कुठल्या रानात गेली असेल आणि किती वाजताची गाडी पकडून इथं आली असेल! अशा ठिकाणी घासाघीस करणं मला शोभत नाही असं वाटतं. वहिनीलाही वाटलं असावं, कारण ती आज गप्प होती.

२ नोव्हेंबर, शनिवार, पाडवा

लक्ष्मीपूजनावरून यंदा पंचांगांचं एकमत झालं नाही. शेजारच्या उत्तर भारतीय कुटुंबानं गुरुवारी केलं, आम्ही काल. फुलवाल्यांना दोन दिवस भाव मिळाला, हे ठीकच झालं.

आज मुद्दाम कुंभारवाड्यावरून आले. गुजराती नववर्ष, विक्रम संवत २०८१. पुढची दारं बंद, मागच्या वाड्यात नवे कपडे घातलेली तीच मुलं. बाई दारात बसली होती. तिच्या उंबऱ्यावर दोन पणत्या होत्या, दोन्ही रंगवलेल्या.

आणखी काही खरेदी राहिली असेल तर घाई करू नका. मंगळदास मार्केट आणि भुलेश्वरकडचे बरेचसे गुजराती व्यापारी लाभपंचमीला, येत्या बुधवारी ६ तारखेला, दुकानं उघडतात.