इंग्रजी येतं ना, मग झालं!

वाशी स्टेशनातून बाहेर पडा आणि आजूबाजूच्या इमारतींकडे मान वर करून बघा. परदेशी शिक्षणाच्या पाट्या मोजता मोजता थकाल. कॅनडा, आयर्लंड, जर्मनी, आणि हल्ली स्पेनसुद्धा. "आयईएलटीएसशिवाय युरोप" अशी पाटीही मी वाचली आहे.

२०२३ च्या उन्हाळ्यात अशाच एका ऑफिसात मी बसलो होतो. सोबत माझी बहीण आणि भाचा. घरात पत्रकार असला की त्याला सगळं कळतं असा सगळ्यांचा समज असतो, आणि मीही तो कधी दूर केला नाही. म्हणून मला नेलं होतं.

भाचा इंजिनिअर. महापेला एका कंपनीत रात्रपाळीला अमेरिकेचे फोन घ्यायचा. कंटाळला होता. बार्सिलोनात एक वर्षाचा मास्टर्स, सप्लाय चेनमधला. फी, राहणं, तिकीट, सगळं धरून २४ लाखांचा हिशोब समोर ठेवला होता. मी एकच प्रश्न विचारला, "तिथली भाषा?"

कन्सल्टंट हसला. "सर, मुलगा इंग्लिश मीडियमचा आहे. कोर्स पूर्ण इंग्लिशमध्ये. बार्सिलोना टुरिस्टांचं शहर. इंग्लिश येतं ना, मग झालं!"

मी मान डोलावली. महापालिकेच्या पत्रकार परिषदेत आयुक्तांना तीन-तीन उपप्रश्न विचारणारा मी, तिथे दुसरा प्रश्न विचारला नाही.

पैसे कुठून आले तेही सांगतो. बहिणीचं सासर उलव्याकडचं. साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटमधला त्यांचा हिस्सा विकला. बाहेरून आलेल्या वाचकांसाठी सांगतो, नवी मुंबईसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना परत मिळालेली ही विकसित जमीन. ती कुणी प्रेमाने दिलेली नाही. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई-नवघर परिसरात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले, दि. बा. पाटलांनी पुढे वर्षानुवर्षं लढा चालवला, तेव्हा कुठे ते साडेबारा टक्के पदरात पडले. त्या जमिनीवर आमचा भाचा स्पेनला गेला. म्हणून हा विषय मला नुसता घरचा वाटत नाही.

निघायच्या आदल्या रात्री घरात पाहुणे जमले होते. भाच्याची आजी, म्हणजे बहिणीची सासू, कोपऱ्यात बसली होती. तिने मधेच विचारलं, "तिकरं कोनचे भाषेन बोलतान?"

सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, "आजी, त्याला इंग्लिश येतं." ती गप्प बसली.

ही बाई तीस वर्षं नेरूळला मासळी विकायची. चौथीही पास नाही. पण गिऱ्हाईक केरळचं दिसलं की बांगड्याला 'अयला' म्हणायची आणि तारलीला 'मत्ती'. गुजराती बाईशी गुजरातीत घासाघीस करायची. त्या खोलीत धंद्याची भाषा कळणारी ती एकटीच होती, आणि आम्ही तिलाच हसलो.

पहिले काही महिने बरे गेले. वर्गात इंग्रजी, मित्र देशोदेशीचे, फोटो समुद्रकिनाऱ्यावरचे. व्हिसासाठी महिन्याला ६०० युरोच्या हिशोबाने पैसे दाखवले होते, पण त्यातले ५०० एका खोलीच्या भाड्यातच जायचे. विद्यार्थ्याला तिथे आठवड्याला ३० तासांपर्यंत काम करता येतं. म्हणून तो काम शोधायला निघाला.

हॉटेलात गेला, तर ऑर्डर स्पॅनिशमध्ये घ्यायची. दुकानात तेच. लहान मुलांना इंग्रजी शिकवायची कामं पुष्कळ असतात असं ऐकून तिकडे गेला. आईबापांना शिक्षक हवा होता ब्रिटिश नाहीतर अमेरिकन. केजीपासून इंग्रजीत शिकलेला आमचा मुलगा त्यांच्या हिशोबात इंग्रजी बोलणारा नव्हताच. शेवटी एका पंजाबी माणसाच्या हॉटेलात, आतल्या बाजूला, भांडी आणि कांदा. तिथे हिंदी चालायची.

मास्टर्स झाल्यावर स्पेनमध्ये नोकरी शोधायला २४ महिने राहता येतं. खरी परीक्षा तिथे सुरू झाली. जाहिराती वाचल्या तर जवळजवळ प्रत्येकीत पहिली अट 'कास्तेयानो उत्तम', म्हणजे आपण ज्याला स्पॅनिश म्हणतो ती भाषा. त्याखाली 'कातालान येत असल्यास प्राधान्य'. बार्सिलोना कातालोनियाची राजधानी, आणि कातालान ही तिथली स्वतःची भाषा. शाळा तिच्यात चालतात, सरकारी कागद तिच्यात निघतात. म्हणजे एक नाही, दोन भाषा आडव्या आल्या.

नुसत्या इंग्रजीवर मिळत होतं ते कस्टमर सपोर्टचं काम. हेडफोन लावा आणि फोन घ्या. तिथेही जर्मन किंवा डच येणाऱ्याला जास्त पैसे. इंग्रजी तर सगळ्यांनाच येते. भाचा एका रात्री फोनवर म्हणाला, "मामा, इथे इंग्लिश येणं म्हणजे आपल्याकडे सायकल येण्यासारखं आहे. चांगलं आहे, पण त्याचा पगार कोण देत नाही." थोडं थांबून म्हणाला, "हेच करायचं होतं तर महापे काय वाईट होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बहिणीला मी हे सांगितलंही नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सॉफ्टवेअरमध्ये मुरलेल्या माणसाचं इंग्रजीवर भागतं. मोठ्या कंपन्यांच्या काही टीम इंग्रजीतच चालतात. पण तो दरवाजा अरुंद आहे, आणि त्या दरवाजासमोर अख्ख्या जगातली पोरं उभी आहेत. बाकीची कामं, म्हणजे दवाखाना, बँक, गोदाम, दुकान, शाळा, कारखाना, ही तिथल्या माणसांशी बोलून होतात.

मग त्याने हट्टाने स्पॅनिश धरली. सकाळी क्लास, दुपारी हॉटेल, रात्री मोबाईलवर तिथल्या बातम्या. युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या मानतात, ए-१ पासून सी-२ पर्यंत. तिसऱ्या पायरीवर, म्हणजे बी-१ ला पोचायला त्याला ११ महिने लागले. २०२५ च्या मे महिन्यात बार्सिलोना बंदरात माल पाठवणाऱ्या एका छोट्या फर्ममध्ये काम मिळालं. भावोजी न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात होते, त्यामुळे बिल ऑफ लेडिंग, सील नंबर हे शब्द घरात लहानपणापासून ऐकलेले. भारतातल्या पार्टीशी इंग्रजीत बोलायचं आणि बंदरावरच्या माणसाशी स्पॅनिशमध्ये. म्हणजे इंग्रजी उपयोगी पडलीच, पण दुसरी भाषा आल्यावर.

पगार तिथल्या किमान वेतनाच्या थोडा वर. स्पेनचं किमान वेतन २०२५ मध्ये महिन्याला १,१८४ युरो होतं, वर्षाला १४ पगार धरून. बार्सिलोनात तेवढ्यात जेमतेम निघतं. २४ लाख परत यायला किती वर्षं लागतील याचा हिशोब बहीण करते, आणि वही मिटून ठेवते.

आता मुद्द्याचं.

आपल्या शहरात एक पिढी "इंग्रजी आली की जग उघडलं" या एका वाक्यावर वाढली. त्यासाठी घरातली आगरी सोडली, शाळेतली मराठी सोडली. इंग्रजी शिकू नका असं मी म्हणत नाही, ती लागतेच. पण तिने आपण दारापर्यंत पोचतो. आत बसून काम मिळवायचं तर त्या घरची भाषा लागते. जर्मनीत जर्मन, स्पेनमध्ये स्पॅनिश, जपानमध्ये जपानी.

सरकारलाही हे ठाऊक आहे. महाराष्ट्राने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला. पहिल्या टप्प्याचं उद्दिष्ट १०,००० तरुणांचं, नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर वगैरे कामांसाठी. त्या योजनेत आधी जर्मन शिकवायची असं ठरलं, कारण जर्मनीत नर्स म्हणून मान्यता मिळायला साधारण बी-२ पातळीची भाषा लागते. योजना किती चालली, किती रखडली यावर वाद घाला, जरूर घाला. पण आधी भाषा आणि मग विमान हा क्रम बरोबर आहे. आमच्या घरी तो उलटा झाला.

दुसरं, कायदा. परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते, आणि उमेदवाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव तपासता येतं. शिक्षणासाठी पाठवणारा कन्सल्टंट मात्र या चौकटीत येत नाही. पोरगं जातं शिक्षणाच्या नावाने, आईबाप पैसे घालतात नोकरीच्या आशेने. पाटी लावणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं.

तिसरं, आपलं गाव. २५ डिसेंबर २०२५ ला आपल्या विमानतळावरून विमानं उडायला लागली. ज्यांच्या जमिनीवर धावपट्टी आहे त्यांच्या पोरांना तिथे काम मिळावं यासाठी आपण भांडतोय, आणि भांडायलाच हवं. त्यासोबत आणखी एक मागणी जोडा. सिडको आणि दोन्ही महापालिकांनी संध्याकाळी रिकाम्या असणाऱ्या शाळांमध्ये परदेशी भाषांचे वर्ग चालवावेत. दोन भाषांपासून सुरुवात करा, जर्मन आणि जपानी घ्या. फी नाममात्र. हे अशक्य नाही. कातालोनियाची लोकसंख्या ८० लाखांच्या आसपास, आपल्या राज्याच्या कितीतरी कमी. पण बाहेरून आलेल्या माणसाला तिथे कातालानचे सुरुवातीचे वर्ग फुकट मिळतात. भाचा आता शनिवारी त्या वर्गाला जातो. त्याच्या बाकावर एक पेरूची बाई आणि एक सेनेगलचा माणूस असतो. तो म्हणाला, "मामा, आपल्याकडे बाहेरून आलेल्याला मराठी शिकायची असली तर कुठे जायचं?" यावरही माझ्याकडे उत्तर नव्हतं.

या दिवाळीत तो येऊ शकला नाही. व्हिडिओ कॉलवर आजीने विचारलं, "बोलाला येतं का रं आता?" तो स्पॅनिशमध्ये काहीतरी भराभर बोलला. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "मंग हाय बरा."

तुमच्या घरात असा निर्णय चालू असेल, तर प्लॉटचा व्यवहार करण्याआधी मुलाला सहा महिने त्या देशाची भाषा शिकू द्या. टिकला तर पाठवा. कन्सल्टंटला विचारा, तुम्ही पाठवलेल्या मुलांपैकी किती जणांना तिथे नोकरी लागली आणि कुठल्या भाषेवर लागली. तो हसला, तर दुसऱ्यांदा विचारा.

मी विचारलं नव्हतं.