सेम्प्रे द्रित्तो!

मुलांनो, आज एक कबुली देते. "अडलं तर विचारा, लाजू नका," असं मी वर्गात रोज बजावते. पण २०२३ च्या मे महिन्यात इटलीतल्या व्हेनिस शहरात माझीच बोबडी वळली!

माझा भाऊ तेव्हा नोकरीनिमित्त पादोव्हाला होता. मी आणि माझा आठ वर्षांचा मुलगा सुट्टीत त्याच्याकडे गेलो होतो. जाण्याआधी महिनाभर मी वहीत इटालियन वाक्यं लिहून पाठ केली. "स्कूझी, दोव्हे ला स्तात्सिओने?" म्हणजे "माफ करा, स्टेशन कुठे आहे?" आरशासमोर उभं राहून घोकलं हो! पण एक गोष्ट डोक्यातच आली नाही. इटालियनमध्ये विचारलं की उत्तरही इटालियनमध्येच येणार!

पादोव्हाहून व्हेनिस आगगाडीने जेमतेम अर्ध्या तासावर. भावाचं तिथे काम होतं. संध्याकाळी सहाला स्टेशनवर भेटायचं ठरवून तो गेला आणि आम्ही दोघं भटकत राहिलो. पाच वाजता फोनची बॅटरी संपली. झालं!

व्हेनिस म्हणजे शंभराहून जास्त बेटं आणि चारशेच्या वर पूल. मोटार नाही, रिक्षा नाही. गल्लीला 'काल्ले' म्हणतात, चौकाला 'काम्पो'. 'पियात्सा' हा मान फक्त सान मार्कोच्या चौकाला. शहराचे सहा भाग, आणि घरांचे नंबर अख्ख्या भागाला एकाच ओळीने दिलेले, त्यामुळे ते हजारांत जातात. नुसत्या नंबरावरून घर शोधाल तर दमून जाल. भिंतींवर पिवळ्या पाट्या असतात. 'आल्ला फेर्रोव्हीआ' म्हणजे रेल्वेकडे. आम्ही होतो तिथे नेमकी तीच पाटी दिसेना.

भाजीची पिशवी घेतलेल्या एक आजीबाई दिसल्या. धीर करून वाक्य म्हटलं. त्या इतक्या खूश झाल्या, की हातवारे करत भडाभडा बोलायलाच लागल्या. मला फक्त 'द्रित्तो' ऐकू आलं. मी ऐटीत "ग्रात्सिए" म्हणाले आणि मुलाला घेऊन उजवीकडे वळले.

तिथेच फसले. 'देस्त्रा' म्हणजे उजवीकडे. 'द्रित्तो' म्हणजे सरळ!

गल्ली अरुंद होत गेली आणि संपली ती थेट पाण्यात. शेवाळलेल्या पायऱ्या, पुढे हिरवा कालवा. "आई, आता पोहायचं का?" चिरंजीवांनी विचारलं. पण माझा हात त्याने घट्ट धरला होता. खरं सांगते, माझ्याही पोटात गोळा आला. साडेपाच वाजून गेले होते.

परत फिरलो. एका चौकात बाकावर एक आजोबा पेपर वाचत बसले होते. मी पुढे होणार, तोच मुलगा म्हणाला, "आई, तू आम्हाला शिकवतेस ना, सूचना ऐकली की ती परत म्हणून दाखवायची?"

अगदी बरोबर! वहीत 'पियू पिआनो, पेर फाव्होरे' होतं, म्हणजे 'जरा सावकाश, कृपया'. तेही म्हटलं. आजोबांनी पेपर मिटला. "दुए पोन्ती," त्यांनी दोन बोटं दाखवली. मी म्हटलं, "दुए पोन्ती." दोन पूल. "पोई आ सिनिस्त्रा." मग डावीकडे. मी म्हणताना हात उजवा केला, तर त्यांनी हसत माझा डावा हात वर केला! "ए पोई सेम्प्रे द्रित्तो." आणि मग सरळच सरळ. आता व्हेनिसमध्ये एक गल्ली सरळ असेल तर शपथ! त्याचा अर्थ एवढाच, की मोठी वाट सोडू नका.

एक गंमत मला नंतर कळली. 'देस्त्रा' हा आपल्या 'दक्षिण' शब्दाचा लांबचा भाऊ आहे. संस्कृतात दक्षिण म्हणजे उजवासुद्धा. प्रदक्षिणा घालताना देव आपल्या उजव्या हाताला असतो ना, तोच हा दक्षिण. आधी ठाऊक असतं तर त्या गल्लीत शिरलेच नसते.

दोन पूल मुलाने मोठ्याने मोजले. डावीकडे वळलो, वळणावळणाने 'सरळ' चालत राहिलो, आणि एकदम समोर मोठ्या कालव्यावरचा स्काल्त्सींचा दगडी पूल! पलीकडे स्टेशन. पायऱ्यांवर भाऊ घड्याळ बघत उभा होता. सहाला पाच कमी होते.

"सापडलं का नीट? विचारलंस ना कुणाला?" त्याने विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत भाचेसाहेब म्हणाले, "मामा, आईने विचारलं अगदी बरोबर. फक्त ऐकलं चुकीचं!"