पानातला ऋतू

आज भाजी कोणती करायची, हा प्रश्न आपल्या मध्यमवर्गीय घरांत जितक्या वेळा विचारला जातो, तितक्या वेळा दुसरा कोणताही प्रश्न विचारला जात नसेल. मुलाने कोणत्या शाखेला जावे, घराचे कर्ज किती वर्षांत फेडावे, हे प्रश्न आयुष्यात एकदोनदाच येतात आणि कसे का होईना, सुटतात. भाजीचा प्रश्न मात्र रोज सकाळी नव्याने जन्माला येतो. शिवाय गंमत अशी, की विचारणारीला त्याचे उत्तर नकोच असते. ‘कोणतीही कर’ म्हटले तर ती रागावते, आणि ‘वांग्याची कर’ म्हटले तर ‘परवाच नाही का झाली?’ असे ऐकावे लागते.

पूर्वी हा प्रश्न इतका अवघड नसावा. कारण त्याचे उत्तर घरातल्या माणसांनी द्यायचे नसे. ते ऋतूच देऊन टाकी. आपल्या सणावारांकडे जरा या दृष्टीने पाहा. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी. त्या दिवशी कांद्याची भजी, भरली वांगी, लसणीची चटणी यांच्यावर आडवा हात मारून घ्यायचा, कारण दोनच दिवसांनी एकादशीला चातुर्मास बसे आणि पुष्कळ घरांतून कांदा, लसूण, वांगे ही त्रिमूर्ती हद्दपार होई. वांग्याची पुन्हा गाठ पडे ती मार्गशीर्षात चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्यावर. भाद्रपदात ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही, म्हणून परसातले अळू, माठ, पडवळ, भेंडी, सुरण, मक्याची कणसे अशी सारी मंडळी एकाच पातेल्यात नांदत. आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीला गाजर, वांगी, ओला हरभरा, पावटे, वालपापडी यांची तीळ लावलेली भाजी आणि बाजरीची भाकरी. यांतली धर्माची बाजू ज्याची त्याने पाहावी. मला यात एक चोख वेळापत्रक दिसते. मंडईत केव्हा काय ताजे आणि स्वस्त मिळेल, हे कोणा शहाण्या माणसांनी गृहिणींसाठी सणांच्या रूपाने लिहून ठेवले आहे.

आता ते वेळापत्रक कोणी पाहत नाही. शीतगृहांच्या कृपेने मटार बारा महिने मिळतो. फ्लॉवर भर वैशाखात हसत उभा असतो. आमचे चिरंजीव फोनवर बोट ठेवतात आणि दहा मिनिटांत दारात भाजीची पिशवी येते. याविरुद्ध माझी तक्रार नाही. परदेशातून आलेल्या भाज्यांवरही माझा राग नाही. बटाटा, टोमॅटो आणि मिरची ही तिन्ही मूळची अमेरिका खंडातली. ‘बटाटा’ हा शब्दसुद्धा आपण पोर्तुगिजांकडून घेतला. ज्यांच्यावाचून आपला वडा अडतो, त्यांना परके कोण म्हणेल? माझे म्हणणे एवढेच, की सगळ्या भाज्या सगळा वेळ मिळू लागल्यापासून आपण खातो त्या भाज्यांची संख्या मात्र कमी झाली आहे. परवा मी माझ्या नातवाला ठाऊक असलेल्या भाज्यांची नावे विचारली. सहा सांगून झाल्यावर त्याने सातवी म्हणून ‘पनीर’ सांगितले.

माझी आई कुलाबा जिल्ह्यातली, म्हणजे आजच्या रायगडातली. पहिला पाऊस पडला की ती जणू अंगात आल्यासारखी मंडईत जाई. शेवळं, टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी आणि पुढे श्रावणाच्या सुमाराला कंटोळी. आठदहा आठवड्यांत येऊन जाणारी ही पाहुणेमंडळी. शेवळं तर सुरणाच्या भावकीतली. नीट केली नाहीत तर घसा असा खाजवतात की जेवणाऱ्याला सात पिढ्या आठवाव्यात. सुरण, अळू, शेवळं यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते तोंडात टोचतात, हे मी पुष्कळ उशिरा वाचले. आईला हे रसायनशास्त्र कोणी शिकवले नव्हते. पण शेवळांबरोबर आंबट काकडांची फळे घ्यायचीच, अळवात चिंच नाहीतर आमसूल पडलेच पाहिजे, हे तिला पक्के ठाऊक होते. टाकळा कोवळा असतानाच खायचा, आणि त्यात फणसाच्या आठळ्या घालायच्या. फोडशीचा बुडखा आणि पांढरा चिवट भाग काढून मगच ती बारीक चिरायची, आणि भिजवलेली मुगाची डाळ घालून परतायची. हे सारे तिच्या हातात होते, कागदावर एक ओळ नव्हती. ती गेली तेव्हा आमच्या सौभाग्यवतीने त्यातले निम्मे पाहून पाहून उचलले होते. उरलेले निम्मे आईबरोबर गेले.

आम्ही डोंबिवलीला राहतो. आमच्या स्टेशनाबाहेर पावसाळ्यात कर्जतच्या बाजूच्या एका ठाकरवाडीतून एक मावशी भाजी घेऊन येतात. पहाटेची लोकल, डोक्यावर भारा, पळसाच्या पानांवर मांडलेल्या जुड्या. आमच्या घराचा आणि त्यांचा पंधरा-सोळा वर्षांचा परिचय. मावशींचे वैशिष्ट्य असे, की त्या भाजी विकण्याआधी गिऱ्हाइकाची परीक्षा घेतात. ‘दादा, ही कशी करायची ठावं हाय का? नसंल तर नेऊ नका, फुकट घालवाल.’ भाजी परत मागणारा दुकानदार मी पुष्कळदा पाहिला आहे. भाजी न देणारा हा एवढाच.

आमची सूनबाई विदर्भातली. लग्न होऊन आली त्या पहिल्या पावसाळ्यात सासू-सुनेचे सूर अजून जुळायचे होते. दोघी चांगल्या, पण दोघी एकमेकींशी पाहुण्यासारख्या बोलत. एका रविवारी सौ.ने टाकळ्याच्या जुड्या आणल्या आणि ‘हिला कसला आवडतोय हा पाला’ अशा चेहऱ्याने निवडायला बसली. सूनबाई ऑफिसचे काही काम करीत होती. तिने सहज वळून पाहिले आणि एकदम ओरडली, ‘आई, हा तर तरोटा! आमच्याकडे आजी करायची!’ पुढचा तासभर त्या दोघींना माझी आठवण राहिली नाही. आमची कंटोळी म्हणजे त्यांची काटवलं, हेही त्याच दिवशी निघाले. नाव निराळे, फोडणी निराळी, पण पाऊस एकच. सासू-सुनेच्या नात्याबद्दल आजवर पुष्कळ ग्रंथ लिहिले गेले असतील. आमच्या घरात ते काम दोन जुड्या टाकळ्याने केले.

२०२० साली मार्च महिन्यात लोकल बंद झाल्या. त्या पावसाळ्यात स्टेशनाबाहेरचा तो कोपरा रिकामा होता. भाजी मिळत होती, नाही असे नाही. पण जून गेला, जुलै गेला, आणि घरात शेवळं आली नाहीत की फोडशी आली नाही. बाहेर पाऊस पडत होता, आणि पानात मात्र पाऊस नव्हता. जेवताना सौ. एकदा म्हणाली, ‘अहो, त्या मावशी काय खात असतील?’ आम्ही भाजीविषयी हळहळत होतो; तिने बोट नेमके दुखऱ्या जागी ठेवले. एवढ्या वर्षांत आम्ही त्यांचे नाव विचारले नव्हते, की फोनचा नंबर घेतला नव्हता. विचारपूस करायची तरी कोणाकडे?

मावशी २०२२ च्या पावसात परत आल्या. थोड्या वाकल्या होत्या, पण परीक्षा घेण्याची पद्धत तीच. मी विचारले तेव्हा सांगू लागल्या, ‘रान लांब गेलं, दादा. शेवळं मिळायची त्या टेकाडाला कुंपण घातलंय. आता दोन तास जादा चालावं लागतं. सून कंपनीत जाती, तिला पाला वळखू येत न्हाई.’ माझ्या आईचे निम्मे ज्ञान जसे गेले, तसेच इकडेही जायच्या वाटेवर होते. फरक एवढाच, की आमच्या घरातून गेली ती एक पाककृती. त्यांच्या घरातून जाईल ते अख्खे रान. कोणते पान खायचे आणि कोणते विषारी, कंद कोणता ठेवायचा म्हणजे पुढल्या साली पुन्हा उगवेल, ही विद्या कोणत्याही शाळेत शिकवीत नाहीत. फोडशीच्याच वंशातल्या सफेद मुसळीचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलियनम. आपले बोरिवली त्या नावात जाऊन बसले आहे. ज्या उपनगराच्या नावाने एक वनस्पती जगभर ओळखली जाते, त्या उपनगरातल्या किती स्वयंपाकघरांत ही भावंडे ओळखू येतील?

आता आरोग्याविषयी दोन शब्द. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की माणसाने दिवसाला फळे आणि भाज्या मिळून निदान ४०० ग्रॅम खाव्यात, आणि त्यात बटाट्यासारखे कंद धरू नयेत. सूनबाईने केकसाठी आणलेल्या काट्यावर आम्ही एक दिवस सर्वांच्या वाटणीचे मोजून पाहिले. बटाटा वजा करताच पुरुषवर्गाचा आकडा सांगण्यासारखा उरला नाही. आपल्या देशाच्या २०१९ ते २०२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पालेभाजीत लोह असते, पण ते अंगी सहज लागत नाही. त्यावर लिंबू पिळले तर त्यातले ‘क’ जीवनसत्त्व त्याला मदत करते. पानाच्या डाव्या बाजूला वाढलेली लिंबाची फोड केवळ शोभेची नव्हे, ती अशी. मात्र भाजी म्हणजे औषध नव्हे. कारल्याचा रस पिऊन मधुमेहाच्या गोळ्या बंद करणारे वीर माझ्या ओळखीत आहेत. त्यांचे अनुकरण करू नये. तसेच रस्त्याकडेला दिसलेला कोणताही पाला रानभाजी समजून तोडू नये. मावशींची परीक्षा त्यासाठीच असते.

ज्यांना परसू नाही त्यांनी काय करावे? आम्ही सहाव्या मजल्यावर रंगाच्या रिकाम्या बादल्यांत प्रयोग केले. मेथी तीन-साडेतीन आठवड्यांत कापायला येते, आणि मायाळूचा वेल तर आग्रह न करता गजांवर चढतो. त्याच्या पानांची भजी पाहुण्यांना विशेष आवडतात. दुधीने मात्र छळले. नुसती नरफुले येत. मादीफुलाच्या मागे इवलासा दुधी आधीच चिकटलेला असतो, ही तिची ओळख. पांढरी फुले संध्याकाळी उमलतात, पतंग ती भेट घडवून आणतात. पण सहा मजले चढून येणारे पतंग कोठून आणावेत? शेवटी मीच दिवेलागणीला नरफूल तोडून मादीफुलाला टेकवू लागलो. सौ. म्हणाली, ‘मुलाचं लग्न जमवताना एवढी धडपड केली नव्हती तुम्ही!’ त्या हंगामात दोन दुधी झाले. त्यांचा हलवा सगळ्या मजल्यांवर गेला.

कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसणारे काहीतरी चिकटले होते. सौ. चिमट्याने काढायला निघाली, तोच नातवाने शाळेत शिकलेले सांगितले, की ती फुलपाखराची अळी आहे. लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच ती वाढते. मग घरात तह झाला. एक फांदी अळीची, उरलेली आमटीची. अळी पुढे हिरवी झाली, कोशात गेली, आणि एका सकाळी काळे-पिवळे फुलपाखरू आमच्या वाळत घातलेल्या टॉवेलावर पंख सुकवीत बसले. त्या दिवसापासून नातू कढीपत्ता ताटाबाहेर काढीत नाही. कीटकनाशक फवारले असते तर हा फायदा झाला नसता.

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा पावसाळी पाहुणे निघून गेलेले असतील. पण खेद करू नका. फराळाचे डबे रिकामे होता होता मंडई पुन्हा हिरवी होईल. मुळा, चाकवत, चंदनबटवा येतील. तुरीच्या शेंगा, पावटे, हरभऱ्याचे कोवळे शेंडे येतील. देशावर हुरड्याची आगटी पेटेल आणि अलिबागेकडे वालाच्या शेंगांची पोपटी लागेल. आमच्या सूनबाईने एक वही केली आहे. डाव्या पानावर सासूबाई सांगतात ते, उजव्या पानावर तिची आई फोनवर सांगते ते. जूनमध्ये तीच वही घेऊन ती मावशींसमोर उकिडवी बसली होती, आणि मावशी म्हणत होत्या, ‘लिव्ह, पोरी. आन् माझं नाव बी लिव्ह.’